बाहेरच्यांनी बनवलेली अ‍ॅप: कुठली खरंच सरस आणि कुठली आजच काढायची

प्रश्न असा आहे: तासगावात घरचा बेदाण्याचा व्यापार. धंद्याचं सगळं बोलणं जीबी व्हॉट्सअ‍ॅपवर (बाहेरच्यांनी बदललेलं व्हॉट्सअ‍ॅप), कारण त्यात दोन नंबर चालतात, समोरच्याने डिलीट केलेला मेसेज दिसतो आणि फॉरवर्डला अडवणूक नाही. परवा खातं तात्पुरतं बंद केल्याचा मेसेज स्क्रीनवर आला. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणतो, बाहेरच्यांनी केलेली अ‍ॅप मूळ कंपनीच्या अ‍ॅपपेक्षा नेहमीच सरस असतात आणि कंपन्यांना ते बघवत नाही म्हणून त्या ती बंद पाडतात. मग खरं काय समजायचं? फेसबुक-इन्स्टासाठीही अशी अ‍ॅप घ्यावीत का?

तुमच्या चुलतभावाचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. फक्त तो ज्या अ‍ॅपविषयी बोलतोय ती आणि तुमच्या फोनवर आहे ते, दोन्ही मूळ कंपनीच्या बाहेर तयार झालं, यापलीकडे त्यांच्यात काही साम्य नाही. त्याच्या मुद्द्याचा आधार घेऊन तुम्ही जीबी चालू ठेवलंत तर नुकसान तुमचं होईल, त्याचं नाही.

मी सांगलीत हरभट रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या जोडीने हळद-बेदाण्याच्या काही पेढ्या, क्लासेस आणि एका मंगल कार्यालयाची फेसबुक-इन्स्टाची पेजेसही सांभाळतो. त्यामुळे बिघडलेले फोन आणि अडकलेली खाती, दोन्ही माझ्या टेबलावर येतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. अ‍ॅप कुणी बनवलं याने फारसं काही ठरत नाही. ते कंपनीच्या सर्व्हरपर्यंत परवानगीने पोचतं की मूळ अ‍ॅपचं सोंग घेऊन, आणि तुमच्या खात्याचा ताबा त्याच्याकडे किती जातो, यावर सगळं ठरतं.

आधी चुलतभावाची बाजू. ट्विटर २००६ साली निघालं. सुरुवातीची काही वर्षं त्याची चांगली अ‍ॅप बाहेरचेच लोक करत होते. आयकॉनफॅक्टरी या छोट्या कंपनीने २००७ मध्ये ट्विटरिफिक आणलं. लॉरेन ब्रिक्टर या एकट्या माणसाने ट्वीटी बनवलं. आज कुठलंही अ‍ॅप उघडून तुम्ही यादी अंगठ्याने खाली ओढता आणि ती ताजी होते ना, ती युक्ती या ट्वीटीतून आलेली. २०१० मध्ये ट्विटरने ट्वीटी विकत घेतलं आणि त्यालाच आयफोनवरचं आपलं अधिकृत अ‍ॅप केलं. पुढच्याच वर्षी ट्वीटडेक हे बाहेरचं अ‍ॅपही घेतलं. रेडिट या चर्चा-गटांच्या साइटनेही तेच केलं: २०१४ मध्ये एलियन ब्लू हे बाहेरचं अ‍ॅप विकत घेतलं आणि स्वतःच्या नव्या अ‍ॅपसह २०१६ मध्ये बाजारात उतरलं. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखंच नेटवर्क २०१६ पासून चालू आहे, पण त्याचं अधिकृत आयफोन अ‍ॅप यायला २०२१ आणि अँड्रॉइडचं यायला २०२२ उजाडलं. तोवर लोक टस्कीसारख्या बाहेरच्या अ‍ॅपवरच होते आणि कुणाचं काही अडलं नाही.

ही अ‍ॅप सरस का होती याचं कारण हुशारीत नाही, पैशात आहे. अधिकृत अ‍ॅप फुकट असतं, त्याचे पैसे जाहिरातदार देतो. तुम्ही जितका वेळ अंगठा फिरवत राहाल तितका कंपनीचा फायदा. म्हणून मित्रांच्या पोस्टच्या मध्ये अनोळखी लोकांचे व्हिडिओ घुसतात, क्रम वेळेप्रमाणे राहत नाही, आणि नको असलेली सूचना बंद करायचं बटण चार पायऱ्या आत लपवलेलं असतं. बाहेरचं अ‍ॅप बनवणाऱ्याला पैसे तुम्ही देता. तुम्ही वैतागून निघून गेलात तर त्याचं दुकान बंद. त्यामुळे तो वाचणाऱ्याच्या सोयीचं बघतो: पोस्ट वेळेच्या क्रमाने, अक्षर हवं तेवढं मोठं, जाहिरात नाही. दृष्टिहीन लोकांना तर हा फरक रोजच जाणवतो. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीशी नीट जुळणारी अ‍ॅप रेडिटसाठी बाहेरच्यांनी केली होती, रेडिटच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये तो वापर अवघड होता.

आणि ही अ‍ॅप कंपनीच्या परवानगीने चालत होती, हे महत्त्वाचं. कंपनी स्वतः एक रस्ता उघडून देते, त्याला एपीआय म्हणतात. अ‍ॅप बनवणारा नोंदणी करतो, त्याला ओळख मिळते. तुम्ही लॉग इन करता तेव्हा पासवर्ड त्या अ‍ॅपमध्ये नाही, कंपनीच्याच पानावर टाकता आणि अ‍ॅपला फक्त एक परवाना मिळतो. तो परवाना पासवर्ड न बदलता केव्हाही रद्द करता येतो. ट्विटरने २०१० पासून सगळ्या बाहेरच्या अ‍ॅपना हीच पद्धत सक्तीची केली होती.

पण परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. यार्डात भाड्याच्या गाळ्यात धंदा कितीही जोरात चालला तरी करार मालकाच्या हातात असतो, तसंच हे. ट्विटरने २०१२ मध्ये नव्या अ‍ॅपना १ लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नव्या पोस्ट-मेसेज लगेच पोचवणारी थेट प्रवाहाची सोय बंद केली, त्यामुळे बाहेरच्या अ‍ॅपमध्ये मेसेज आल्याची सूचना वेळेवर मिळेना. आणि १२ जानेवारी २०२३ च्या रात्री ट्वीटबॉट, ट्विटरिफिक अशी नावाजलेली अ‍ॅप एकाएकी चालायची थांबली. आधी कुणाला काही कळवलं नव्हतं. आठवड्याभराने नियमांत बदल करून सांगितलं, आमच्यासारखं दुसरं अ‍ॅप करायला मनाई आहे.

रेडिटचं प्रकरण आकड्यांमुळे जास्त उघड झालं. क्रिश्चन सेलिग याचं अपोलो हे आयफोनवरचं अ‍ॅप लोकांना फार आवडायचं. २०२३ मध्ये रेडिटने दर लावला: दर १,००० विनंत्यांना, म्हणजे अ‍ॅपने हजार वेळा माहिती मागितली की, २४ सेंट. अपोलोच्या महिन्याला ७०० कोटी विनंत्या होत होत्या. गुणाकार करून बघा, वर्षाला साधारण २ कोटी डॉलर होतात. छोट्या अ‍ॅपला ते शक्यच नव्हतं. १२ जूनपासून रेडिटवरच्या हजारो गटांनी निषेध म्हणून टाळं लावलं. काही उपयोग झाला नाही. ३० जूनला अपोलो बंद झालं. दृष्टिहीनांना उपयोगी पडणाऱ्या रेडरीडरसारख्या मोजक्या अ‍ॅपना तेवढी सवलत मिळाली.

म्हणून अशा अ‍ॅपबद्दल माझा सल्ला साधा आहे. आवडलं तर जरूर वापरा, फक्त वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. आणि तुमच्या धंद्याचं एकही काम असं ठेवू नका जे फक्त त्याच अ‍ॅपमध्ये होतं.

आता तुमचं जीबी.

व्हॉट्सअ‍ॅपने बाहेरच्या चॅट अ‍ॅपसाठी असा रस्ता आपल्याकडे कधी उघडलेलाच नाही. धंद्यांसाठी त्यांचा वेगळा एपीआय आहे, पण तो मोठ्या कंपन्यांच्या ऑटोमॅटिक मेसेजसाठी. मग जीबी, एफएम, यो असली नावं असलेली अ‍ॅप चालतात कशी? व्हॉट्सअ‍ॅपची मूळ एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकायची फाईल घेतात, ती खोलून आतला कोड बदलतात, जास्तीचा कोड घालतात आणि आपली सही मारून पुन्हा बांधतात. म्हणजे हे कुणी स्वतः लिहिलेलं अ‍ॅप नाही, मूळ अ‍ॅपच उसवून शिवलेलं आहे. तुमचं खातं बंद झालं ते याचमुळे. सही बदललेली असल्याने ते प्ले स्टोअरवरून अपडेट होत नाही. मूळ अ‍ॅपमध्ये सुरक्षेची एखादी दुरुस्ती आली तरी तुमच्यापर्यंत ती कधी येईल, येईल का, याचा भरवसा नाही. आणि गूगलवर शोधलंत तर ‘हेच अधिकृत जीबी’ असं सांगणाऱ्या साइटच साइट सापडतील. यातलं खरं कुठलं, हा प्रश्नच फिजूल आहे, कारण जबाबदार मालक कुणीच नाही. तक्रार कुणाकडे करणार?

गिऱ्हाइकांचा एक गैरसमज मला रोज दूर करावा लागतो. ते म्हणतात, ‘व्हॉट्सअ‍ॅपला कुलूप असतंय की, मधे कुणी वाचू शकत नाही.’ बरोबर आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. पण त्याचा अर्थ वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढाच. मेसेज तुमच्या फोनवर पोचला की तो उलगडून तुम्हाला दाखवायचं काम अ‍ॅपच करतं. ते अ‍ॅपच दुसऱ्याने बदललेलं असेल तर एन्क्रिप्शन जिथे संपतं तिथेच तो बसलेला आहे. सहा आकडी ओटीपी तुम्ही त्याच्यात टाकलात, खात्याच्या किल्ल्या त्याच्यात तयार झाल्या, कॉन्टॅक्ट, फोटो, माईक सगळ्याची परवानगी तुम्हीच दिलीत. समोरच्या पार्टीने बिचाऱ्याने मूळ अ‍ॅप ठेवलं असलं तरी तुमच्याशी झालेलं त्याचं बोलणं उघडं पडलं. त्याला विचारलं कुणी?

हे नुसतं भीती घालणं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला एफएम व्हॉट्सअ‍ॅपच्या एका आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून आत शिरणारा घातक प्रोग्राम सापडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनीच दाखवलं की यो व्हॉट्सअ‍ॅपची एक आवृत्ती खात्याच्या किल्ल्या चोरून बाहेर पाठवत होती. त्या मिळाल्या की तुमचं खातं दुसरा कुणीतरी तुमच्याच नावाने चालवू शकतो. बेदाण्याच्या धंद्यात याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या नंबरवरून ‘पेमेंट या खात्यावर टाका’ असा एक मेसेज गेला तरी पुरे.

आता तुम्हाला जीबी ज्या गोष्टींसाठी हवं होतं त्या बघू, कारण कारणं खरी होती. चार-पाच वर्षांपूर्वी लोक हे का घ्यायचे ते मला समजतं.

दोन नंबर: ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइडवर मूळ व्हॉट्सअ‍ॅपमध्येच दोन खाती चालतात. त्याच्याही आधी, २०१८ पासून, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अधिकृत अ‍ॅप आहे. घरचा नंबर साध्यावर आणि पेढीचा नंबर बिझनेसवर, एकाच फोनमध्ये. त्यात ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं, पार्ट्यांना लेबल लावता येतात. व्यापाऱ्याला जीबीपेक्षा हे कितीतरी कामाचं आहे, आणि फुकट आहे. तरी यार्डात निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं याचं मला नवल वाटतं.

ऑनलाइन असल्याचं लपवणं २०२२ पासून मूळ अ‍ॅपमध्ये आहे. चॅटला कुलूप आणि पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत सुधारणं २०२३ पासून. निळी टिकही बंद करता येते, फक्त मग तुम्हालाही दुसऱ्याची दिसत नाही. जीबीत आपली लपवून दुसऱ्याची बघता येते म्हणून ते हवं असेल, तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

डिलीट केलेला मेसेज दिसणं, हे मात्र व्यापाऱ्याचं खरं दुखणं. पार्टी रात्री भाव टाकते, सकाळी बाजार हलला की पुसून टाकते आणि ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ म्हणते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ सगळ्यांसाठी पुसता येतं. याला दोन उपाय आहेत. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर सेटिंगमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी चालू करा. गेल्या २४ तासांत स्क्रीनवर आलेल्या सूचना त्यात राहतात. मेसेज नंतर पुसला तरी त्याची आधी आलेली सूचना बहुतेक वेळा तिथे सापडते. मेसेज लांब असेल तर पूर्ण नाही दिसणार, चॅट उघडीच असताना आला असेल तर सूचनाच येत नाही, पण भावाचा आकडा दिसायला एवढं खूप झालं. दुसरा उपाय याहून पक्का: भाव आला की लगेच आपल्या शब्दांत उलट लिहून पाठवायचं, ‘अमुक मालाच्या इतक्या पेट्या, या भावाने नक्की, बरोबर ना?’ आणि ‘हो’ घ्यायचं. तुमचा मेसेज त्याला पुसता येत नाही. जुने अडत व्यापारी फोनवर बोलून झाल्यावर वहीत लिहून पुन्हा वाचून दाखवायचे, ते याच हिशोबाने.

फॉरवर्डच्या मर्यादेवर जरा थांबतो. ‘कंपनी उगीच अडवते’ असं बरेच जण म्हणतात. ही मर्यादा आली कशी ते आठवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षुकी करत फिरणारी माणसं होती ती. देशात इतर ठिकाणीही तेव्हा असल्याच अफवांमुळे माणसं मारली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं आणलं. २०२० च्या एप्रिलपासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

सांगलीकराला हे पटवायला धुळ्यापर्यंत जायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्या आठवड्यात ‘कोयनेतून इतका विसर्ग सुटला, रात्रीत अमुक गल्लीपर्यंत पाणी येणार’ असले मेसेज किती फिरले, आणि त्यातले किती जुने किंवा बनावट होते, हे ज्याने सामान माळ्यावर चढवलं त्याला विचारा. दरवर्षी पावसाळ्यात पाणी चाळीस फुटांकडे निघालं की तेच सुरू होतं. अशा वेळी मर्यादा नसलेलं अ‍ॅप हातात असणारा माणूस एका दमात शेकडो लोकांना घाबरवू शकतो. मला ती मर्यादा हवी आहे. इथे मी सरळ कंपनीच्या बाजूने आहे.

रोजचे भाव पुष्कळ पार्ट्यांना कळवायचे असतील तर ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, एका यादीत २५६ जण. फक्त तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. त्याहून जास्त लोक असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा, सप्टेंबर २०२३ पासून भारतात आहेत. लोक आपणहून येतात आणि त्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छा हजारो नंबरांवर एका फटक्यात पाठवून देणारी जी अ‍ॅप विकतात, त्यांच्या नादाला लागू नका. खातं बंद व्हायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता.

फेसबुक-इन्स्टाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे निवड फारशी उरलेली नाही. ‘तुम्हाला कुणी अनफॉलो केलं ते दाखवतो’, ‘फॉलोअर वाढवतो’, ‘कुणी प्रोफाइल बघितली ते सांगतो’ म्हणणारी अ‍ॅप थेट तुमचा इन्स्टाचा पासवर्ड आपल्या चौकटीत मागतात. इथेच ओळखायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या मालक कंपनीने, जाहीर केलं होतं की लॉग इनची माहिती चोरणारी ४०० हून जास्त अ‍ॅप त्यांना सापडली, त्यातली सगळ्यात जास्त फोटो सजवणारी होती. ती अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या स्टोअरवर होती, म्हणजे स्टोअरवर आहे म्हणून चांगलं असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ईसेट या कंपनीने सिग्नल प्लस मेसेंजर आणि फ्लायग्राम ही दोन हेरगिरी करणारी अ‍ॅप उघड केली, तीही प्ले स्टोअरवर चढलेली होती. पहिलं तर गुपचूप सिग्नल या मेसेज अ‍ॅपवरचं तुमचं खातं हल्लेखोराच्या फोनला जोडून द्यायचं.

परवानगीच्या रस्त्यानेही माहिती बाहेर जाते हे २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात दिसलं. एका प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपमधून फेसबुकवाल्यांची माहिती या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे गेली होती. फेसबुकने तेव्हा सरकारला कळवलं त्याप्रमाणे भारतात ते प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप ३३५ जणांनी घेतलं होतं आणि झळ पोचण्याची शक्यता ५,६२,४५५ जणांना होती, कारण अ‍ॅप घेणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती त्या रस्त्याने जात होती. त्यानंतर मेटाने एपीआयचे दरवाजे एकेक करून आवळले. काही बरोबर होतं. काही वेळा सुरक्षेच्या नावाखाली बाहेरच्यांना हुसकावणं होतं, असं मला वाटतं. उदाहरणार्थ २०२४ च्या एप्रिलमध्ये फेसबुक ग्रुपचा एपीआय काढून टाकला आणि ग्रुपमध्ये ठरलेल्या वेळी पोस्ट टाकून देणारी साधनं एका दिवसात बिनकामाची झाली.

पेढीच्या पेजवर आधीच पोस्ट लावून ठेवायच्या असतील तर मेटा बिझनेस सूट फुकट आहे आणि तेवढं पुरतं. बफर, हूटसूट यांच्यासारखी परवानगी घेतलेली साधनं तीन-चार ठिकाणी एकदम पोस्ट टाकणाऱ्याला उपयोगी पडतात, एका पेढीला त्याची गरज नाही. पेज सांभाळायला पोरगा ठेवलात तर त्याला तुमचा पासवर्ड देऊ नका, पेजमध्ये त्याच्या नावाने प्रवेश द्या. काम सोडून गेला की काढून टाकता येतो. आणि फोन जुना, जागा कमी, म्हणून हलकं अ‍ॅप शोधत असाल तर फेसबुक लाइट हे त्यांचंच आहे, किंवा सरळ ब्राउझरमध्ये उघडा. ब्राउझरला तुमचे कॉन्टॅक्ट दिसत नाहीत, तो दिवसभर मागे चालू राहत नाही, आणि फायरफॉक्स असेल तर जाहिरात अडवायचीही सोय करता येते. बाहेरचं अ‍ॅप घेऊन जे साधायचं असतं त्यातलं बरंचसं इथे काही न टाकता साधतं. मी स्वतः फेसबुक असंच वापरतो.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी. त्यांनी बाहेरच्यांना रीतसर मुभा दिलेली आहे, अ‍ॅपचा कोडही उघडा आहे. टेलिग्राम एक्स हे आधी चॅलेग्राम नावाचं बाहेरचं अ‍ॅप होतं, २०१८ मध्ये ते अधिकृत झालं. तिथे चांगली बाहेरची अ‍ॅप आहेत. पण टेलिग्रामचे साधे चॅट मुळातच एंड-टू-एंड नसतात, फक्त सीक्रेट चॅट असतात. मग त्यात आणखी एक मध्यस्थ घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

यूट्यूब बघायला बाहेरच्यांनी केलेल्या न्यूपाइपचं उदाहरण घ्या. त्यात लॉग इनच नसतं, त्यामुळे खातं जायचा धोका नाही, कोडही कुणालाही तपासता येतो. जाहिरात दिसत नाही, म्हणून द्राक्षबागेची माहिती देणाऱ्या आपल्याकडच्याच पोराला त्याचे पैसेही मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवून वापरा. व्हॅन्स्ड नावाचं असंच एक लोकप्रिय अ‍ॅप २०२२ मध्ये कायदेशीर दबावामुळे बंद झालं. आता त्या नावाने जे फिरतंय त्याला हात लावू नका.

एक गोष्ट जीबीपुरती नाही, सगळ्या फोनला लागू आहे. असली अ‍ॅप टाकताना तुम्ही क्रोमला किंवा फाईल मॅनेजरला ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकू दे’ अशी परवानगी दिली होती. ती नंतर कुणी काढत नाही. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते, त्यामुळे सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधून एकेकाची बंद करा. ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’ अशा नावाच्या एपीके फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यांना आत यायला हाच दरवाजा लागतो. एपीके टाकायची ज्याच्या हाताला सवय झाली त्याला लग्नपत्रिकेची एपीके विचित्र वाटत नाही. ती टाकली की एसएमएस वाचले जातात आणि बँकेचा ओटीपी जातो. तसं झालं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आता जीबीतून बाहेर कसं पडायचं. बंदी तात्पुरती असेल तर स्क्रीनवर उलटी वेळ दिसते. ती संपेपर्यंत थांबा, अ‍ॅप काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. वेळ संपल्यावर जीबीमधूनच चॅटचा बॅकअप घ्या. मग फाईल मॅनेजरमध्ये जीबी व्हॉट्सअ‍ॅप नावाचं फोल्डर शोधून त्याचं नाव फक्त ‘व्हॉट्सअ‍ॅप’ करा, इंग्रजीत, मूळ नाव लिहितात तसं. प्ले स्टोअरवरून मूळ अ‍ॅप टाका, नंबर तपासून घ्या आणि बॅकअप सापडल्याचं विचारलं की ‘रिस्टोअर’ दाबा. नव्या अँड्रॉइडवर फोल्डर दुसऱ्या जागी असतं आणि हे दर वेळी जमेलच असं नाही. म्हणून आधीच महत्त्वाच्या पार्ट्यांचे चॅट एकेक करून ‘एक्सपोर्ट’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. व्यवहाराचे फोटो आणि बिलाच्या पीडीएफ वेगळ्या कॉपी करा. मूळ अ‍ॅपवर नंबर चालू झाला की जीबीतलं खातं आपोआप बाहेर पडतं, मग ते काढून टाका. त्यानंतर लगेच ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी यंत्र जोडलेलं आहे का बघा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा.

हे सगळं सौद्याच्या दिवशी करू नका, अर्धा दिवस जातो. आणि तात्पुरत्याच्या जागी कायमची बंदी आलेली असेल तर मूळ अ‍ॅपमध्येच फेरविचाराची विनंती करायची सोय असते, तिथून अर्ज करा. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर पेढीचा दुसरा नंबर बिझनेस अ‍ॅपवर चालू करून पार्ट्यांना स्वतः फोन करून कळवा. नुसता मेसेज टाकलात तर हल्लीच्या दिवसांत कुणी विश्वास ठेवणार नाही.